कैरीच्या पन्ह्याचा गर दरवर्षी का फसफसतो? आणि कडवट, काळपट पन्ह्याचं काय करायचं

चैत्र लागला, बाजारात कैऱ्या दिसायला लागल्या की घरोघरी पन्ह्याचा गर होतो, आणि मग दहा-बारा दिवसांनी एकच तक्रार. बाटलीचं झाकण उघडताना फुस्स आवाज आला, वर बारीक फेस दिसतोय, वास जरा दारूसारखा येतोय, काय झालं असेल? रेसिपी तीच, आईची, सासूबाईंची, वर्षानुवर्षं चालत आलेली. तरी एखाद्या वर्षी गर महिनाभर टिकतो आणि एखाद्या वर्षी चैत्रगौरीचं हळदीकुंकू व्हायच्या आधीच टाकून द्यावा लागतो. मग दोष कैरीला दिला जातो, नाहीतर उन्हाळा फार आहे म्हणून, नाहीतर कोणीतरी ओला चमचा घातला म्हणून. ओला चमचा हे कारण असतंच, पण माझं मत विचाराल तर बहुतेक घरांत खरं कारण वाटीत असतं, म्हणजे आपण ज्या वाटीने गर आणि गूळ मोजतो त्या वाटीत.

हे नीट सांगतो कारण इथेच सगळी मेख आहे. आपल्याकडे प्रमाण सांगतात ते "एक वाटी गराला दीड वाटी गूळ". आता उकडलेल्या कैरीचा गर वाटीत भरला की वाटी गच्च भरते, मध्ये हवा नाही, वाटी पाव लिटरची असेल तर गर साधारण पाव किलोच भरतो. पण किसलेला किंवा चिरलेला गूळ वाटीत सैल पडतो, मधे मोकळी जागा राहते, त्याच वाटीत गूळ दीडशे-एकशेसाठ ग्रॅमच्या आसपासच मावतो. म्हणजे दीड वाटी गूळ घातला तरी वजनाने तो जेमतेम गराएवढाच झाला. शिवाय कोणी गूळ दाबून भरतं, कोणी सैल, कोणाचा गूळ चिक्कीचा कडक तर कोणाचा मऊ ओलसर, त्यामुळे एकच रेसिपी दोन बहिणींच्या हातून दोन वेगळ्या गोष्टी होतात आणि एकीचा गर टिकतो, दुसरीचा नाही. साखर घालणाऱ्यांचा गर जास्त टिकतो असं बरेच जण सांगतात, त्यामागेही हेच आहे, साखर वाटीत दाट बसते, त्याच वाटीत ती दोनशे ग्रॅम भरते.

आता हे टिकण्याशी का जोडलेलं आहे ते बघा. कैरी मुळात खूप आंबट, त्यामुळे बरेचसे जंतू तिच्यात वाढू शकत नाहीत, पण यीस्ट (साखर आंबवून गॅस आणि दारूसारखा वास करणारे सूक्ष्म जीव) आणि बुरशीला आंबट चालतं. त्यांना थांबवते ती साखर, कारण साखर पाणी धरून ठेवते आणि यीस्टला वापरायला पाणी उरत नाही. जॅम-मुरांबे फ्रिजबाहेर टिकतात ते यामुळेच, त्यांच्यात एकूण वजनाच्या ६५ टक्क्यांच्या वर साखर आणि इतर विरघळलेली द्रव्यं असतात. आता आपला हिशोब मांडा. अर्धा किलो कैरीच्या गरात पाणीच जास्त, बाकीचं काय ते पन्नास-साठ ग्रॅम. त्यात अर्धा किलो गूळ घातला, गुळातही थोडा ओलावा असतोच, तर सगळं मिळून ५०-५५ टक्के होतं. हे यीस्टसाठी अगदी आवडीचं वातावरण आहे, गोड आहे, ओलं आहे, आणि एप्रिलची गरमी आहे. तेच अर्धा किलो गराला एक किलो गूळ घातला तर ६५ टक्क्यांच्या आसपास पोचतं आणि दोन-चार मिनिटं उकळी दिली की थोडं पाणी उडून अजून वर जातं.

म्हणून पहिला आणि सगळ्यात मोठा उपाय, वजन काटा घ्या. आता बऱ्याच स्वयंपाकघरांत छोटा काटा असतो, नसेल तर कैऱ्या आणि गूळ वाण्याकडून वजन करूनच आणलेले असतात त्यावरून काढा. साल आणि कोय वजा जाता एक किलो कैरीतून साधारण अर्धा किलो गर निघतो, कमी-जास्त होतो, कोय मोठी असेल तर कमी. त्याला एक किलो गूळ. ऐकायला फार वाटतं, मला माहितीये, पण हा गर पातळ करताना तुम्ही एक वाटीला पाच वाट्या पाणी घालणार आहात, एक वाटीला तीन वाट्या नाही. पन्हं तेवढंच गोड लागतं, फरक एवढाच की गोडी बाटलीत दाट आहे आणि पेल्यात नेहमीसारखी.

ज्यांना इतका गूळ नकोच आहे, किंवा घरात कोणाला शुगर आहे म्हणून कमी गोड हवं आहे, त्यांनी गूळ कमी घालावा आणि गर फ्रिजबाहेर ठेवण्याचा विचार सोडून द्यावा. समसमान वजनाचा गूळ घातलेला गर फ्रिजमध्ये आठ-दहा दिवस चांगला राहतो, त्यात संपवायचा. जास्त दिवस हवा असेल तर गूळ न घालता नुसता उकडलेला गर बर्फाच्या ट्रेमध्ये घालून फ्रीझरला लावा, गोठला की वड्या काढून पिशवीत भरा, लागेल तशी वडी काढून त्यात गूळ नाहीतर जे काय चालत असेल ते घाला. हा प्रकार मला स्वतःला सगळ्यात आवडतो कारण पावसाळ्यातसुद्धा कैरीचा वास तसाच ताजा येतो. एक गंमत लक्षात ठेवा, दुप्पट गुळाचा गर फ्रीझरमध्ये दगडासारखा गोठत नाही, चमच्याने निघण्याइतका मऊच राहतो, म्हणून फ्रीझर बिघडला असं समजून मेकॅनिकला फोन करू नका.

आता गूळ आणि गर एकत्र कधी आणि कसे करायचे. दोन पद्धती दिसतात. एक, गरम गरात किसलेला गूळ घालून हलवायचं, विरघळला की झालं, बाटलीत भरलं. चवीला ही पद्धत सरस आहे यात वाद नाही, कैरीचा ताजेपणा राहतो, पण गुळाबरोबर जे काय आलं ते सगळं आत गेलं, आणि गरही तोपर्यंत कोमट झालेला असतो. हा गर फ्रिजमध्येच. दुसरी पद्धत बाहेर टिकवणाऱ्यांसाठी, गूळ चार-पाच चमचे पाण्यात मंद आचेवर विरघळवायचा, बारीक गाळणीने नाहीतर फडक्याने गाळायचा (तळाशी रेती, चिपाडाचे तुकडे किती निघतात ते बघाच एकदा), परत आचेवर ठेवून बोटाला चिकट लागेपर्यंत आटवायचा आणि मग गर घालून सगळ्याला एकत्र खळखळून उकळी येऊ द्यायची. दोन ते तीन मिनिटं, बास. गर उडतो, हातावर चटका बसतो, त्यामुळे लांब दांड्याचा चमचा घ्या. गॅस बंद केला की थांबायचं नाही, गरम असतानाच बाटल्या भरायच्या. काचेच्या बाटल्या आधी गरम पाण्याने धुऊन उन्हात कडकडीत वाळवलेल्या हव्यात, आणि भरताना लाकडी पाटावर ठेवा, थंड ओट्यावर ठेवलेली काच गरम गराने तडकते. गळ्यापर्यंत भरा, वर हवा कमी राहिली पाहिजे. शक्यतो मोठ्या दोन बाटल्यांपेक्षा छोट्या पाच-सहा भरा, उघडलेली बाटली फ्रिजमध्ये आणि बाकीच्या बंदच.

काही जणांचा गर दोन दिवसांनी बाटलीत जेलीसारखा थिजतो आणि ओतताच येत नाही. घाबरायचं काही नाही, खराब झालेला नाही. कैरीत पेक्टिन (फळातलं घट्टपणा आणणारं द्रव्य) भरपूर असतं, आंबट आणि साखर भरपूर असली आणि जास्त वेळ शिजवलं की ते सेट होतं, जॅम होतो तसंच. बाटली कोमट पाण्यात ठेवून सैल करा किंवा लागेल तेवढा चमच्याने काढून थोड्या गरम पाण्यात आधी फेटून घ्या. पुढच्या वेळी उकळी कमी द्या.

फसफसलेल्या गराचं काय करायचं, हा पुढचा प्रश्न नेहमी येतो. परत उकळून वापरू का? माझं उत्तर नाही. उकळून यीस्ट मरेल, पण आंबलेली चव आणि वास जात नाही, आणि त्या गरात यीस्टशिवाय आणखी काय वाढलंय ते डोळ्यांना कळत नाही. वर पांढरी-हिरवी बुरशी आली असेल तर वरचा थर काढून खालचा वापरणं तर मुळीच नको, बुरशीचे धागे खाली गेलेले असतात. आणि एक महत्त्वाचं, फसफसलेली घट्ट झाकणाची काचेची बाटली चेहऱ्याजवळ धरून उघडू नका, आत गॅसचा दाब असतो, बाटली फुटूही शकते. फडकं गुंडाळून, सिंकमध्ये धरून, हळूहळू झाकण सैल करा. मन दुखतं इतका गूळ टाकताना, पण टाका.

सोडियम बेंझोएट, म्हणजे पदार्थ टिकवायची पावडर, घालू का असंही बरेच विचारतात. विकायला सरबतं करणारे घालतात, त्याचं ठरलेलं प्रमाण असतं आणि ते ग्रॅमच्याही खालचं वजन मोजून घालावं लागतं. घरात चिमटीने अंदाजे घालायची ही वस्तू नाही असं मला ठामपणे वाटतं. प्रमाण, उकळी आणि कोरडी बाटली एवढ्यावर घरचा गर टिकतो.

आता कडवटपणा. पन्हं प्यायलं की घशात शेवटी कडू-तुरट लागतं, गूळ वाढवला तरी जात नाही. याची कारणं तीन आणि तिन्ही कैरी शिजायच्या आधीची. पहिलं चीक. देठ तोडला की जो चीक येतो तो कैरीवर पसरून वाळतो आणि उकडताना गरात उतरतो. कैऱ्या आणल्या की देठाकडचा भाग कापून त्या तासभर पाण्यात बुडवून ठेवा, ते पाणी फेकून द्या, कैऱ्या चोळून धुवा. (चीक अंगावर उततो, लहान मुलांना हे काम देऊ नका.) दुसरं साल. साल सोलून उकडली तर रस पाण्यात जातो म्हणून आपण सालीसकट उकडतो ते बरोबरच आहे, पण नंतर सालीला चिकटलेला गर चमच्याने खरवडताना लोभ करू नये. वरवर खरवडलं तेवढं घ्यायचं, साल पिळून पिळून, मिक्सरला लावून गर काढला तर कडवटपणा येणारच. तिसरं कोवळी कैरी. चैत्राच्या सुरुवातीला छोट्या कैऱ्या येतात, त्यांची कोय अजून सुरीने कापली जाते इतकी कोवळी असते, त्या तुरट असतात आणि कोय उकडताना फुटली तर आतली बी गरात मिसळते, मग तर विचारू नका. त्या लोणच्याला, चटणीला, डाळीला वापरा. पन्ह्याला पूर्ण भरलेली, कोय टणक झालेली पण आतून अजून पांढरीच असलेली कैरी लागते. रायवळ मिळाली तर तिच्यासारखं पन्हं नाही, फक्त दोरे असतात म्हणून गर चाळणीतून किंवा पुरणयंत्रातून काढायचा. तोतापुरी आंबटाला कमी, तिला गूळही कमी लागतो असं वाटतं, पण टिकवायचा असेल तर वजनाचं प्रमाण कमी करू नका, नाहीतर परत पहिल्या पानावर.

आधीच कडू झालेलं पन्हं पूर्ण बरं होत नाही. मीठ थोडं वाढवून बघा, मिठाने कडूपणा दबतो, गुळापेक्षा जास्त. नाहीतर चांगला गर करून त्यात थोडं थोडं मिसळून संपवा.

रंगाची तक्रार दोन प्रकारची असते आणि लोक दोन्ही एकच समजतात. गुळाचं पन्हं मुळातच मातकट-तपकिरी असतं, गूळ जितका गडद तितकं पन्हं गडद, यात बिघडलेलं काही नाही, उलट फार पिवळाधमक गूळ दिसला की मी चार प्रश्न विचारतो दुकानदाराला. पण सकाळी सोनेरी असलेलं पन्हं दुपारी करडं-काळपट झालं तर ते वेगळं. त्यात बहुतेक वेळा कैरी कच्ची राहिलेली असते. कापलेलं सफरचंद जसं हवेत काळं पडतं त्याच कारणाने, कैरीतलं एन्झाइम पूर्ण शिजल्याशिवाय मरत नाही. कुकरमध्ये भरपूर पाणी घालून त्यात कैऱ्या टाकू नका, त्या फुटतात आणि आंबटपणा पाण्यात जातो. भातासारख्या डब्यात, पाणी न घालता, वर झाकण ठेवून तीन शिट्ट्या द्या आणि प्रेशर आपोआप जाऊ द्या. बोटाने दाबली की गर कोयीपासून सुटला पाहिजे. कोयीजवळ घट्ट पांढरं राहिलं असेल तर परत एक शिट्टी.

काळपटपणाचं दुसरं कारण भांडं. लोखंडी सुरी, लोखंडी कढई, कैरीतल्या तुरट द्रव्यांशी लोखंड भेटलं की काळं होणारच. अॅल्युमिनियमच्या पातेल्याने रंग फारसा जात नाही पण चव धातूची येते. आणि पितळेचं पातेलं, तांब्याची सुरई वगैरे हळदीकुंकवाला सुंदर दिसते म्हणून बाहेर काढतात, कल्हई नसेल तर त्यात पन्हं एक मिनिटही ओतू नका, आंबटामुळे तांबं पन्ह्यात उतरतं आणि मळमळ, उलट्या होऊ शकतात. स्टील, काच, चिनीमाती, किंवा मातीचा माठ. माठातल्या पाण्यात केलेल्या पन्ह्याला तर वेगळीच चव असते, पण माठात फक्त पाणी ठेवा, पन्हं नको, माती आंबट-गोड शोषून घेते आणि तो माठ मग पाण्याच्या कामाचा राहत नाही.

पन्ह्यात पांढरे बारीक कण तरंगतात, गर फाटला का? हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी आठवून बघा, केशर दुधात भिजवलं होतं का? श्रीखंडाची सवय हाताला असते म्हणून केशर आपोआप दुधात जातं आणि पन्हं इतकं आंबट की चमचाभर दूधही फाटतं. केशर कोमट पाण्यात भिजवा, पंधरा-वीस मिनिटं, खलून घेतलं तर रंग अजून छान उतरतो.

वेलदोड्याची पूड बाटलीत घालून ठेवू नये, महिनाभरात सुगंध उडतो आणि मागे औषधी चव राहते, पन्हं करताना ताजी कुटून घाला. जिरं, काळं मीठ, पुदिना घालून उत्तरेकडचं आम पन्ना करणार असाल तर तेही सगळं आयत्या वेळी. आणि बंगालकडे कैरी आचेवर भाजून सरबत करतात, त्या धुरकट चवीचा गर आवडत असेल तर भाजलेली काळी साल पूर्ण पुसून काढा, ती आत गेली की कडू.

खाली गर बसतो आणि वर पाणी, याला मात्र उपाय नको, हे असंच असतं. गर आहे, तो बसणारच, पेले भरताना दरवेळी डावाने तळापासून ढवळायचं. सारखं मिक्सरला फिरवून एकजीव करायला गेलात तर हवा भरते, फेस येतो आणि लोकांना वाटतं पन्हं आंबलं.

कच्च्या कैरीचा कीस पाण्यात कुस्करून, गाळून जे पन्हं करतात त्याचा इथे वेगळा विचार करा. ते उकडलेल्यापेक्षा जास्त तरतरीत लागतं, पण ते शिजलेलं नसल्यामुळे टिकवण्याचा प्रश्नच नाही, काही तासांत प्यायचं, उरलं तर उरलं.

शेवटी हळदीकुंकवाचं किंवा रामनवमीचं मोठ्या प्रमाणातलं पन्हं, कारण तिथेच घोटाळा सगळ्यांसमोर होतो. सकाळी दहाला मोठ्या पातेल्यात पन्हं कालवून ठेवतात आणि बायका येतात संध्याकाळी सहाला, मधे आठ तास, बाहेर ३८-३९ डिग्री. बाटलीतल्या गराला साखर सांभाळत होती, पण पाणी घातल्यावर ते संरक्षण संपलं, पातळ पन्हं दुधासारखंच नाजूक समजायचं. एक किलो कैरीच्या, म्हणजे साधारण अर्धा किलो, गरात एक किलो गूळ घालून जो गोड गर होतो त्याचं साधारण सहा लिटर पन्हं होतं, म्हणजे छोटे पेले असतील तर पन्नासेक. यातला तिसरा हिस्सा आधी कालवा, संपत आला की पुढचा. पाणी आधीच फ्रिजमध्ये किंवा माठात गार करून ठेवा म्हणजे बर्फ कमी लागेल, आणि बर्फ लागलाच तर घरच्या पिण्याच्या पाण्याचा करा, बाहेरून आणलेली लादी फक्त पातेल्याच्या बाहेरून लावायला वापरा, आत घालायला नको. मीठ पहिल्याच घाण्यात चाखून ठरवा आणि चिमटी लक्षात ठेवा, कारण दुसऱ्या घाण्याच्या वेळी घरात पाहुणे असतात आणि मीठच राहून जातं.